मदत हवी आहे: बीएमआयएम-पीएफ६ सुकवताना फ्लास्कची काच खरवडल्यासारखी होतेय

सुमारे ५० ग्रॅम बीएमआयएम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट (बीएमआयएम-पीएफ६; आयनिक द्रव, म्हणजे साध्या तापमानालाही द्रव राहणारं मीठ) पाण्याने धुऊन ८० अंश सेल्सिअसला व्हॅक्यूममध्ये सुकवतोय. द्रवाच्या रेषेवर पांढरट, खरखरीत कडं उमटलंय. ॲसिटोनने जात नाही. म्हणजे पीएफ६ (यातला ऋण आयन) पाण्यामुळे फुटून एचएफ (काच खाणारं हायड्रोफ्लुओरिक आम्ल) सुटतोय. (‘वाफ होत नाही, म्हणून निर्धोक’ ही समजूत इथे सरळ खोटी.) शेवटच्या धोवणाचा सामू ३ होता, आम्ल राहिलं हेच मूळ दिसतंय.

सामू उदासीन होईपर्यंत धुऊन, ५० अंशांवर, पीएफए (एचएफला टिकणारं फ्लुओरोप्लास्टिक) भांड्यात सुकवलं तर पुरेल? की पीएफ६ऐवजी सरळ एनटीएफ२ (पाण्याने सहज न फुटणारा ऋण आयन) असलेला आयनिक द्रव घ्यावा? आणि धोवणातला फ्लुओराइड कॅल्शियम क्लोराइडने खाली बसतो, पण न फुटलेला पीएफ६ पाण्यातच राहतो. त्याची विल्हेवाट कशी लावता? एचएफ त्वचेला लागलं तर लावायचं २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी आहे.