डोंगरातील जमिनीचे एकत्रीकरण

‘१९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याप्रमाणे मेळघाटातही गटवारी (विखुरलेले तुकडे एकत्र करून सलग गट पाडणे) नेटाने झाली असती, तर जमिनी बाहेरच्यांकडे गेल्या नसत्या,’ हे मेळघाटातील जमिनींच्या चर्चेत मांडले गेलेले मत मला अर्धेच पटते. तुकडे पडल्याने बांध-वाटेचे वाद वाढतात, हे खरे. परंतु सपाट वऱ्हाडातील काळी जमीन आणि चिखलदरा, धारणीकडील उतार यांना एकच माप लावता येत नाही. नाल्याकाठची खोल माती आणि वरची मुरमाड बरड यांचे पीक वेगळे आणि पावसाचा धोकाही वेगळा. म्हणून एकाच कुटुंबाचे दोन-तीन ठिकाणी विखुरलेले तुकडे तिथे पुष्कळदा आधारच ठरतात.

चर्चेत एक गोष्ट राहून गेली. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, गहाण, भाडेपट्टा किंवा अदलाबदल अशा कोणत्याही मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय जाऊ शकत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनजमिनीचा हक्काचा पट्टा तर वारसाने जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही आणि विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. आमच्या भागात मला खरी काळजी वाटते ती तोंडी मक्त्याची, म्हणजे कागदाशिवाय जमीन दुसऱ्याला कसायला देण्याची: सातबाऱ्यावर मूळ मालकाचेच नाव राहते, कसणारा आणि पीक नेणारा मात्र दुसराच असतो. ग्रामसभेने अशा मक्त्यांची दरवर्षी उघड नोंद ठेवावी, ही मागणी गटवारीच्या आधी व्हायला हवी.