उधळेपणा मेंदूत असतो की खिशात?

नौपाडेकर

आम्ही दोघे भाऊ नौपाड्यातल्या एकाच चाळीत, एकाच आईच्या हिशेबाच्या वहीखाली वाढलो. दुधापासून रॉकेलपर्यंतचा दिवसाचा खर्च लिहून वही मिटल्याशिवाय आई दिवा मालवत नसे. आज साठीला आलो तरी जांभळी नाक्यावर चार दुकानांत तूरडाळीचा भाव विचारल्याशिवाय मी पिशवी उघडत नाही. धाकटा भाऊ घोडबंदर रोडला राहतो आणि त्याच्या दाराशी रोज एक तरी खोके येऊन पडलेले असते. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो, तेव्हा तीन खोकी आठवडाभर न उघडता चपलांच्या रॅकवर पडून होती. गरजेपोटी मागवलेली वस्तू माणूस निदान उघडून तरी पाहतो.

घर एक, संस्कार एक, मग फरक आला कुठून? माझे मत असे, की तो मेंदूच्या घडणीतूनच येतो. ब्रायन नटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. एमआरआय यंत्रात निजलेल्या माणसांना आधी वस्तू, मग तिची किंमत दाखवली आणि शेवटी ती घेणार की नाही असे विचारले. वस्तू आवडली की न्यूक्लियस अक्युम्बेन्स हा भाग जागा होई, आणि किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला, म्हणजे वेदनेच्या आणि किळसेच्या वेळीही सक्रिय होणारा भाग, जागा होई. होकार-नकार देण्याआधीच या हालचालींवरून निर्णयाचा काही अंदाज बांधता येत होता. माझ्या भावाची इन्सुला जन्मतःच अबोल असावी, अशी समजूत करून घेऊन मी त्याला बोल लावणे सोडले आहे.

ऐरोलीची_आकडेवारी

भावाला बोल लावणे सोडलेत हे उत्तम, पण कारण मात्र चुकीचे निवडलेत. त्या प्रयोगात २६ माणसे होती, आणि मोजली गेली ती मेंदूची त्या क्षणाची हालचाल, घडण नव्हे. समोरची एक वस्तू घ्यायची की नाही, यावरून माणूस जन्माचा उधळ्या आहे की चिक्कू, हे ठरत नाही.

घडणीबद्दल बोलायचे, तर मेंदूच्या सालीची जाडी किंवा त्यातल्या जोडण्या यांचा माणसाच्या वागण्याशी असलेला संबंध खात्रीने सांगायला हजारो माणसे तपासावी लागतात, आणि थोड्या माणसांत दिसलेले असे संबंध पुढच्या अभ्यासात बहुधा टिकत नाहीत, हे २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीने दाखवून दिले आहे. शिवाय कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेही ठरायचे आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे वाटा आणि जागा लक्षात ठेवण्याच्या कामी येणाऱ्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे एलेनॉर मॅग्वायर यांना २००० साली आढळले, आणि ज्याची टॅक्सीवर अधिक वर्षे गेली, त्याचा तो भाग अधिक मोठा होता. चाळीस वर्षे चार दुकानांत भाव विचारत फिरल्यामुळे तुमचाच मेंदू तसा घडला नसेल कशावरून?

कोपरीकर

मी या वादात पडणार नव्हतो, पण घरचा अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. माझे वडील बसच्या तिकिटाचे सुट्टे पैसे घरूनच मोजून निघणारे. पार्किन्सन्सचे निदान झाल्यावर त्यांना डोपामिनसारखे, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनासारखे, काम करणारे औषध सुरू झाले, आणि काही महिन्यांतच दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती पाहून त्यांनी सात भिंतीवरची घड्याळे मागवली. आम्ही रागावलो, समजूत घातली, बँकेचे कार्ड लपवले. डॉक्टरांना सहज बोलता बोलता सांगितले, तेव्हा त्यांनी आधी औषधाचे नाव विचारले, आणि मग मात्रा हळूहळू उतरवली. घड्याळे मागवणे थांबले. ३,०९० पार्किन्सन्स रुग्णांच्या २०१० सालच्या पाहणीत ५.७ टक्के रुग्णांना खरेदीचा अनावर नाद जडलेला आढळला होता. (असे औषध घरात कोणाला चालू असेल, तर ते आपल्या मनाने मात्र बंद करू नये.)

सत्तर वर्षांचे संस्कार एका गोळीपुढे टिकले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मेंदूचा काही संबंध नाही, असे मला तरी कोणी सांगू नये.

ऐरोलीची_आकडेवारी

संबंध नाही, असे मी म्हटलेलेच नाही. तुमच्या वडिलांच्या मेंदूची घडण औषधाआधी आणि नंतर जवळपास तीच होती. बदलले ते रसायन. म्हणजे तुमचे उदाहरण मूळ धाग्यातल्या दाव्याच्या विरुद्धच जाते.

गल्ल्यावरून

जांभळी नाक्यावर माझे सुक्या मेव्याचे दुकान आहे, त्यामुळे मी इन्सुला रोज पाहतो म्हणायला हरकत नाही. रोख देणारे गिऱ्हाईक पाचशेची नोट मोडताना थांबते, अर्धा किलो बदाम पाव किलोवर आणते. तेच गिऱ्हाईक मोबाईलवरून पैसे देते, तेव्हा वर थोडी अंजिरेही टाका म्हणते. प्रेलेक आणि सिमेस्टर यांच्या २००१ सालच्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोखवाल्यांपेक्षा दुपटीहून अधिक बोली लावली होती. मेंदू बदलला नाही, पाकीट बदलले.

नौपाडेकर

पण मोबाईल माझ्याही हातात आहे आणि भावाच्याही. मी अंजिरे मागत नाही, तो मागतो.

ऐरोलीची_आकडेवारी

फरक असतोच. रिक, क्रायडर आणि लोवेनस्टाइन यांनी २००८ साली चिक्कू आणि उधळ्या माणसांची रीतसर मोजणी केली. पण त्याच अभ्यासात घरपोच पाठवणीच्या पाच डॉलर शुल्कामागे नुसता ‘छोटेसे’ हा शब्द लावल्यावर चिक्कू माणसे ते द्यायला अधिक तयार झाली. उधळ्यांना त्या शब्दाने फारसा फरक पडला नाही. एका विशेषणाने जी सवय हलते, ती हाडामांसाची म्हणावी का?

नौपाडेकर

हा सगळा धागा मी भावाला वाचायला दिला. इन्सुलेवर तो हसला आणि म्हणाला, “दादा, घर एक होते हे तुला कोणी सांगितले? वाण्याकडे कोण जायचे?” वाण्याकडे तोच जायचा, मी मोठा म्हणून अभ्यासाला बसायचो. परत आल्यावर पै-पैचा हिशेब त्याला द्यावा लागे. कमावता झाल्यावर कोणालाही हिशेब द्यायचा नाही असे त्याने तेव्हाच ठरवले होते, असे तो म्हणतो. आईच्या वह्या माझ्याकडे आहेत, म्हणून काल रात्री काढून पाहिल्या. १९७८ च्या वहीत त्याच्या नावापुढे “चार आणे, हिशेब नाही” असे तिच्या अक्षरात तीनदा लिहिलेले आहे. माझ्या नावापुढे एकदाही नाही.