मदत हवी आहे: छंदासाठी लेसर कटर – डायोड, के४० की ग्लोफोर्ज? सॉफ्टवेअर बघून ठरवायचे आहे

काटकोन

लहान लेसर कटर घ्यायचा आहे. काम मुख्यतः ३ मिमी प्लायच्या खाचांच्या पेट्या, कधीतरी ६ मिमी प्लाय, ३ मिमी ॲक्रिलिकच्या नावपट्ट्या (पारदर्शक आणि रंगीत, दोन्ही) आणि चामड्यावर थोडे कोरीवकाम. फोटो कोरायची हौस आहे, पण ती दुय्यम.

यादी छाटून तीनवर आली आहे. पहिला, उघड्या चौकटीचा निळा डायोड, ग्रबल फर्मवेअरचा (म्हणजे बोर्डातच बसून मोटर आणि लेसर हलवणारे ग्रबल नावाचे सॉफ्टवेअर). जाहिरातीत ठळक '४० वॅट' आणि खाली बारीक अक्षरांत '१० वॅट ऑप्टिकल'. दुसरा, के४० म्हणून ओळखला जाणारा ४० वॅटचा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या काचेच्या ट्यूबचा लेसर. तिसरा ग्लोफोर्ज, त्याच नावाच्या कंपनीचे तयार मशीन. पहिले दोन किमतीला जवळजवळ सारखे, तिसरा त्यांच्या कित्येक पट.

संगणक लिनक्सवर, चित्रे इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये. मशीन जिथे ठेवणार तिथे इंटरनेट येते-जाते.

लाइटबर्न या लेसर चालवण्याच्या सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजावेत का, की फुकटातली सॉफ्टवेअर पुरतील? आणि ४० व १० यांतला खरा आकडा कोणता? 'काहीही घ्या, हात बसेल' अशी उत्तरे कृपया नकोत.

सव्यसाची

वॅट नंतर, आधी आत बोर्ड कोणता आहे ते विचारा. कोणते सॉफ्टवेअर चालणार हे त्यावरच ठरते.

ग्रबल असेल तर रान मोकळे. लाइटबर्न, लेसरजीआरबीएल, मीरके४०टी, तिन्ही चालतात. पण लेसरजीआरबीएल फक्त विंडोजवर, आणि लाइटबर्नने १.७ नंतर लिनक्सला रामराम केला. म्हणजे लिनक्सवर जुनी आवृत्ती धरून बसायचे किंवा मीरके४०टी वापरायचे. ते मुक्त स्रोत आहे, पायथनमध्ये लिहिलेले आहे आणि लिनक्सवर नीट चालते.

के४० मध्ये कंपनीकडून बहुधा एम२ नॅनो बोर्ड येतो. हा बोर्ड लाइटबर्न ओळखत नाही. आधी लायसन्स आणि मग मशीन घेणारे इथेच फसतात. त्यासाठी के४० व्हिस्परर किंवा मीरके४०टी. व्हिस्परर रंगावर चालते: लाल रेघ म्हणजे कापणे, निळी म्हणजे रेघेवरून कोरणे, बाकी सगळे रास्टर, म्हणजे ओळीमागून ओळ ठिपक्यांनी कोरणे. पेट्यांना एवढे पुष्कळ झाले. एक मर्यादा मात्र मनात धरा, एम२ नॅनोला सॉफ्टवेअरमधून पॉवर कमी-जास्त करता येत नाही. ती पॅनेलवरच्या बटणाने ठरते. त्यामुळे एकाच कामात कापणे आणि कोरणे वेगळ्या पॉवरवर हवे असेल तर मध्ये थांबून हाताने बदलायचे, आणि फोटोतल्या छटा फक्त ठिपक्यांच्या दाट-विरळपणाने काढायच्या.

ग्लोफोर्जमध्ये डिझाइन त्यांच्या सर्व्हरवर जाते, हालचालींची फाइल तिथे बनते आणि मशीनकडे परत येते. इंटरनेट नाही तर काम नाही. लाइटबर्न वगैरे काही जोडता येत नाही. तुमच्या जागेचे वर्णन वाचून हा पर्याय मी आत्ताच खोडला असता.

लाइटबर्नच्या पैशांबद्दल: लायसन्स कायमचे असते, अपडेट एक वर्षाचे. वर्ष उलटले तरी हातातली आवृत्ती चालत राहते, आणि ३० दिवस फुकट वापरून बघता येते. सबस्क्रिप्शनच्या जमान्यात हा सौदा वाईट नाही. पण कॅमेऱ्याने जागा जुळवणे, छापलेल्या कागदाच्या कडेने कापणे, थरागणिक वेगळ्या सेटिंग यांची रोज गरज असेल तरच पैसे वसूल होतात. सरळ रेघांच्या पेट्यांना नाही.

धूरनळी

आता वॅट. डायोडच्या जाहिरातीतले '४०' हे मॉड्यूल किती वीज खाते याच्या आसपासचे, किंवा निव्वळ शोभेचे. लाकडावर पडतात ते १०. के४० च्या '४०' लाही चिमूटभर मीठ लावून घ्या, त्यातली ७०० मिमीची ट्यूब टिकाऊपणे ३०–३५ देते. सीओटू घेताना स्टिकर न वाचता ट्यूब मोजा: ४० वॅटची साधारण ७००, खरी ५० ची १००० आणि ६० ची १२०० मिमीच्या घरात. ८५० मिमीची ट्यूब लावून ५० म्हणून विकली जात असेल तर ती ५० नाही.

त्याहून मोठा मुद्दा तरंगलांबीचा. डायोड ४५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळा. पारदर्शक ॲक्रिलिकमधून तो काचेतून जावा तसा आरपार जातो. निळ्या ॲक्रिलिकचेही बऱ्याचदा तेच. काळे, लाल, गडद अपारदर्शक कापते. सीओटूचा किरण १०.६ मायक्रॉनचा, तो सगळ्याच ॲक्रिलिकच्या पृष्ठभागावरच शोषला जातो आणि कड चकचकीत येते. तुमच्या यादीत पारदर्शक नावपट्ट्या आहेत, म्हणजे डायोड इथेच बाद.

अंदाजासाठी आकडे, हवेचा झोत चालू आणि फोकस नीट असे धरून: १० वॅट डायोड ३ मिमी बासवूड प्लाय एका फेरीत सुमारे ३०० मिमी/मिनिटाने कापतो. के४० तेच १५ मिलीॲम्पिअरवर (पॅनेलवरच्या मीटरवर दिसणारा ट्यूबचा प्रवाह) ८ ते १२ मिमी/सेकंदाने, म्हणजे ५०० ते ७०० मिमी/मिनिट. ६ मिमी प्लायला के४० वर दोन फेऱ्या धरा. डायोडवर पाच-सहा, आणि कड कोळशासारखी.

प्लाय मध्येच सुटला नाही तर लगेच लेसरला दोष देऊ नका. आतल्या थरात गोंदाचा गोळा किंवा भरलेली गाठ असली की तेवढाच तुकडा अडकतो. बाहेरच्या वापराच्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा गोंद लेसरला फार चिवट लागतो. आतल्या वापराचा प्लाय घ्या.

चामड्याबद्दल एकच. रेक्झिन टाकू नका, ते बहुतेक वेळा पीव्हीसी असते. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड निघतो. फुप्फुसांना वाईट आणि मशीनच्या पट्ट्या, बेअरिंग गंजवून टाकतो. शंका असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, नमुन्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो माल बाद.

काटकोन

दोघांचेही आभार. पारदर्शक ॲक्रिलिक डायोडला कापत नाही हे माहीत नव्हते, ते कळले. डायोड पूर्ण सोडण्याआधी एक शंका: विक्रेत्याच्या पानावर 'कमाल वेग १०,००० मिमी/मिनिट' लिहिले आहे, पण अनेक ठिकाणी वाचतो की फोटो कोरताना मशीन अडखळत चालते. ते सॉफ्टवेअरमुळे की बोर्डामुळे?

पल्सरुंदी

बोर्डामुळे, आणि त्याचा हिशेब मांडता येतो.

जुन्या ८-बिट ग्रबलमध्ये पुढच्या १६ हालचालींचा साठा असतो, आणि साठ्यातल्या शेवटच्या हालचालीला आपण थांबू शकलो पाहिजे असे धरूनच तो वेग ठरवतो. फोटो ०.१ मिमीच्या ठिपक्यांनी पाठवला तर १६ हालचाली म्हणजे १.६ मिमी. त्वरण १००० मिमी/सेकंद² असेल तर एवढ्या अंतरात थांबता येईल असा कमाल वेग म्हणजे २ × १००० × १.६ याचे वर्गमूळ, सुमारे ५६ मिमी/सेकंद, म्हणजे ३४०० मिमी/मिनिटाच्या आत. १०,००० चा आकडा लांब सरळ रेघेसाठी खरा, फोटोसाठी नाही.

दुसरी अडचण केबलची. ११५२०० बॉड या केबलच्या वेगावर सेकंदाला जेमतेम ११,५०० अक्षरे जातात. एका ठिपक्याची आज्ञा ९–१० अक्षरांची. म्हणजे कागदोपत्री सेकंदाला साडेअकराशे ते पावणेतेराशे ठिपके, प्रत्यक्षात कमीच. रांग रिकामी पडली की मशीन हळू होते किंवा थांबते, आणि चित्रात गडद ठिपके उमटतात. ३२-बिट बोर्ड, ईएसपी३२ किंवा तसे, घेतले की हे बरेचसे सुटते. १-बिट डिदरिंग (छटा फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी दाखवणे) निवडले तर लागोपाठच्या सारख्या ठिपक्यांची एकच आज्ञा होते, तोही उपाय.

ग्रबलबाबत तीन गोष्टी मात्र बघाच. $३२ हे १ हवे, म्हणजे लेसर मोड. ते ० असेल तर प्रत्येक हालचालीगणिक पॉवर बदलताना मशीन थबकते. $३० आणि सॉफ्टवेअरमधले कमाल एस-मूल्य (पूर्ण पॉवरसाठी पाठवला जाणारा आकडा) सारखे हवे. $३० मध्ये २५५ आणि सॉफ्टवेअरमध्ये १००० असेल तर २५ टक्क्यांच्या वरचे सगळे पूर्ण पॉवरवर जाते आणि फोटो काळा ठिक्कर येतो. लोक इथे फोकस, मटेरियल, सगळे तपासतात, हा आकडा सोडून. तिसरे, कोरताना लेसर चालू करायची आज्ञा एम३ ऐवजी एम४. कोपऱ्यात वेग घटला की पॉवरही घटते, कोपरे जळत नाहीत.

लिनक्सवर पोर्टच दिसत नसेल तर तुमचे नाव डायलआउट गटात (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटात) आहे का पाहा. उबंटू २२.०४ वर सीएच३४० चिप असलेला बोर्ड जोडताच गायब होत असेल तर ब्रेलटीटीवाय हे पॅकेज तो पोर्ट पळवते. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर काढून टाका.

निवांत

ग्लोफोर्ज इतक्या पटकन खोडू नये असे वाटते. ज्यांना आरसे जुळवणे, पाणी बदलणे, तारा ओढणे यांत रस नाही त्यांच्यासाठी तो आहे. फोकस स्वतः लावतो, कॅमेऱ्यात तुकडा दिसतो, त्यावर चित्र ठेवायचे. त्यांच्या खास शीटवर कोड छापलेला असतो, सेटिंग आपोआप येते. पहिल्याच दिवशी स्वच्छ तुकडा हातात.

सव्यसाची

निवांत, हे सगळे मान्य. पण मूल्य म्हणजे पहिला दिवस नव्हे. सर्व्हर त्यांचा, त्यामुळे कंपनीचे काय होईल त्यावर तुमच्या मशीनचे काय होईल ते अवलंबून. काही सोयी मासिक वर्गणीच्या मागे. खोली तापली की मशीन मध्येच थांबून गार व्हायची वाट बघते. आणि ट्यूब दमली की बाजारातली साधी ट्यूब घरी बसवून भागत नाही. के४० ची ट्यूब एका संध्याकाळी बदलता येते.

काटकोन

म्हणजे के४० आणि मीरके४०टी. मग मशीनच्या किमतीवर आणखी काय काय धरायचे? आणि खोक्यातून काढल्यावर सुरू करण्याआधी काय तपासायचे?

धूरनळी

मशीनच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास आणखी बाजूला ठेवा. सोबत आलेला एक्झॉस्टचा पंखा बहुधा कुचकामी असतो. १०० मिमी किंवा त्याहून मोठ्या व्यासाच्या पाइपचा इनलाइन पंखा घ्या आणि तो खिडकीच्या टोकाला बसवा, म्हणजे सगळा पाइप ओढीखाली राहतो आणि गळला तरी धूर खोलीत येत नाही. हवेच्या झोताला पंप आणि नोझल. पाणी डिस्टिल्डच, नळाचे नको. त्यातल्या क्षारांमुळे ते वीज वाहून नेते. तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. ट्यूबमध्ये मोठा बुडबुडा अडकला असेल तर मशीन तिरके करून काढल्याशिवाय लेसर सुरू करू नका, त्याच जागी काच तडकते.

सुरू करण्याआधी अर्थिंग. प्लगच्या अर्थ पिनपासून मशीनच्या पत्र्यापर्यंत मल्टीमीटरने रोध मोजा, एक ओहमच्या आत यायला हवा. बहुतेकदा अर्थचा स्क्रू रंगावरच आवळलेला असतो, खालचा रंग खरवडून परत आवळा. ट्यूबला १५–२० हजार व्होल्ट जातात आणि बंद केल्यावरही भार काही काळ टिकतो. प्लग काढल्याशिवाय मागचे झाकण उघडायचे नाही.

पुष्कळ के४० मध्ये झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडताच लेसर तोडणारा स्विच) नसतो, पाण्याचा फ्लो स्विचही नसतो. दोन्ही स्विच एकमेकांना सिरीजमध्ये जोडून पॉवर सप्लायच्या पी आणि जी टोकांमध्ये घाला. पाणी थांबले किंवा झाकण उघडले की लेसर बंद. यात काटकसर करू नका. चष्मा सीओटूच्या तरंगलांबीचाच. डायोडचा नारिंगी चष्मा इथे त्यासाठी बनवलेला नाही. मशीन चालू असताना खोली सोडायची नाही, आणि सीओटू अग्निशामक हाताशी.

मीटर १५–१६ मिलीॲम्पिअरच्या वर नेऊ नका. १८–२० वर थोडे वेगाने कापते, पण ट्यूबचे आयुष्य भराभर संपते.

पल्सरुंदी

लिनक्सवर एम२ नॅनोसाठी यूडेव्ह नियम (साध्या वापरकर्त्याला यूएसबी यंत्र वापरू देणारी सेटिंग) लागतो, यूएसबी ओळख १ए८६:५५१२. नाहीतर मीरके४०टी रूट म्हणून चालवावे लागते.

पेट्या घट्ट बसण्यासाठी कर्फ मोजा, म्हणजे लेसरने जाळलेल्या फटीची रुंदी. १०० मिमीची पट्टी दहा समान तुकड्यांत कापा, बाहेरच्या कडाही लेसरनेच. तुकडे एकमेकांना टेकवून एकूण लांबी कॅलिपरने मोजा आणि जेवढी कमी भरेल तिला दहाने भागा. ९८.२ आली तर कर्फ ०.१८ मिमी. बॉक्सेस.पाय या पेट्यांचे आराखडे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'बर्न' ला त्याचा निम्मा द्यायचा, ०.०९. पूर्ण दिलात तर खाचा हातोडीशिवाय बसणार नाहीत.

जुन्या एसव्हीजी फाइल लहान कापल्या जात असतील तर इंकस्केपची आवृत्ती बघा. ०.९२ पासून इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल झाले, म्हणून जुनी फाइल ६.२५ टक्के लहान येते. इलस्ट्रेटरची ७२ ची फाइल तर पाऊणपट.

काटकोन

आरशांची जुळवणी सर्वांत किचकट वाटते आहे. क्रम काय धरावा?

धूरनळी

ट्यूबपासून डोक्याकडे, उलट कधीच नाही. दुसऱ्या आरशावर मास्किंग टेप लावा, गाडी (दुसरा आरसा ज्यावर आहे तो सरकणारा आडवा दांडा) पहिल्या आरशाजवळ आणून अगदी क्षणभर पल्स द्या, मग गाडी दूर नेऊन पुन्हा. दोन डाग एकमेकांवर येईपर्यंत फक्त पहिल्या आरशाचे स्क्रू फिरवायचे. डाग आरशाच्या मधोमध नसला तरी या पायरीवर चालेल. मग टेप डोक्याच्या छिद्रावर. डोके डावीकडे एक पल्स, उजवीकडे एक, आणि दुसऱ्या आरशाचे स्क्रू. चारही कोपऱ्यांत डाग एकच झाला पण छिद्राच्या मध्यभागी नसेल तर स्क्रूंना हात न लावता ट्यूबचा आधार किंवा डोक्याची उंची सरकवा.

एवढे करूनही कापत नसेल तर भिंग काढून बघा. ५०.८ मिमी फोकसचे भिंग फुगीर बाजू वर ठेवून बसवायचे असते. कारखान्यातून उलटे बसून आलेले असेल तर ठिपका मोठा पडतो, आणि मग कितीही मिलीॲम्पिअर वाढवा, ३ मिमी प्लाय सुटत नाही.