1969 ची बीटल पावसात बंद पडते, आणि हे पाईप नक्की कुठले?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
मंडळी, आजोबांची 1969 ची फोक्सवॅगन बीटल शेडमधून बाहेर काढलीय. 1300 सीसी, सिंगल पोर्ट इंजिन, पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा सोलेक्स कार्बोरेटर. गावात झकास चालते. पण परवा धो धो पावसात गगनबावड्याला गेलो आणि करूळ घाट उतरताना रेस सोडली की इंजिन थरथरून बंद. थोडं थांबलं की आपोआप बरी. मिस्त्री म्हणतो कॉईल बदला. नेटवरचा डायग्राम बघितला तर त्यात पाईपांचं जाळं, कोळशाचा डबासुद्धा. माझ्याकडे त्यातलं निम्मंही नाही. फॅनच्या पत्र्याला दोन मोठी भोकं मोकळी आहेत, एअर क्लीनरच्या सोंडेचं खालचं तोंडही मोकळं. मिस्त्रीच्या मते ते हीटरचे पाईप, "कोल्हापुरात काय हीटर लागतोय?" खरंय का?

पन्हाळा_रोड
भावा, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याच्या) कॅपमध्ये पाणी जातंय. पुसून कोरडी कर, विषय संपला.

उद्यमनगर_लेथ
कॅप बघाच, पण पाणी शिरलं असतं तर गाडी चढावरही मिसिंग केली असती. ही उतारावर, रेस सोडल्यावरच मरते आणि थांबलं की सुधारते. माझ्या मते कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतोय. हसू नका. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं आणि हवा वीसेक अंशांनी थंड होऊ शकते. गगनबावड्याची जुलैतली हवा आधीच गार आणि पाण्याने भरलेली. रेस सोडली की बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडणारी चकती, जवळजवळ मिटलेली असते तिथे बर्फाचा थर बसतो, इंजिनचा श्वास कोंडतो. थांबलात की इंजिनची धग वर येते, बर्फ वितळतो, पुरावाही गायब. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, आणि त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते. आपल्याच उसाची करणी म्हणा.

म्हणून सोंडेचं ते मोकळं तोंड. तो पाईप केबिनच्या हीटरचा नाही. इंजिनखालची गरम हवा एअर क्लीनरला देणारा आहे. आतली झडप इंजिन तापलं की तो रस्ता बंद करते. पाईप पुन्हा बसवा आणि झडप अडकली नाही ना ते बोटाने हलवून बघा.

फॅनच्या पत्र्याची दोन भोकं मात्र खरंच केबिन हीटरची. ते पाईप नसले तरी चालतील, पण भोकं उघडी ठेवायची नाहीत. हे इंजिन हवेवर थंड होतं, सिलिंडरवर जायची हवा तिथून फुकट बाहेर पडते. उन्हाळ्यात कागलच्या हायवेवर गाडी तापली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आमच्या लेथवर ॲल्युमिनियमच्या टोप्या करून देता येतात, नाहीतर पत्रा कापून घट्ट बसवा.

तुमचा डायग्राम अमेरिकेतल्या गाडीचा दिसतोय. तिथे 1970 च्या सुमारास टाकीतल्या पेट्रोलची वाफ पकडायला कोळशाचा डबा लावायला लागले. तुमच्या गाडीत तो शोधू नका. प्रदूषणाच्या नावाने तुमच्याकडे एकच पाईप, ऑईल भरायच्या नळीपासून एअर क्लीनरला जाणारा. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या पेटीतली, वाफ तो इंजिनात परत जाळायला पाठवतो. काढलात तर गाडीभर तेलाचा वास. त्या नळीच्या खालच्या टोकाला रबरी चोच असते, पाणी गळायला. पावसाळ्यात टोपणाखाली पांढरा लोण्यासारखा थर दिसला तर घाबरू नका, छोट्या फेऱ्यांची ओल आहे ती.

व्हॅक्युमची बारीक नळी कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्युटरला जाते. कार्बोरेटरकडचं टोक काढून तोंडाने ओढा. पॉईंटची प्लेट हलून जागेवर थांबली पाहिजे. थांबत नसेल तर ती नळी किंवा डिस्ट्रिब्युटरमधला डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटलाय आणि पिकअप कधीच येणार नाही.

आणि पेट्रोलचे पाईप आजच बदला. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मग चिरतं. बीटलचं इंजिन मागे, गळती सीटवर बसून दिसत नाही आणि खाली तापलेला सायलेन्सर. 5 मिलिमीटरचा, इथेनॉल चालेल असं लिहिलेलाच घ्या, प्रत्येक टोकाला क्लिप. कार्बोरेटरमधली पितळी नळी हाताने हलते का तेही बघा. हलत असेल तर गाडी चालवू नका.

पन्हाळा_रोड
काका, बर्फ? कोल्हापुरात? नाद खुळा.

उद्यमनगर_लेथ
पुढच्या वेळी बंद पडली की लगेच कार्बोरेटरच्या बुडाला हात लाव, मग बोल.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
काका, व्हॅक्युमची नळी टणक झालेली, बदलली. पेट्रोलचे पाईपही नवे. गरम हवेचा पाईप बसवला, झडप हलते. पण इंजिन चांगलं तापल्यावरही कार्बोरेटरखालचा मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरकडे नेणारा पाईप) गारच, वर घाम. आणि पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साईड) 3 टक्क्यांच्या वर जातंय.

उद्यमनगर_लेथ
मॅनिफोल्ड गार म्हणजे त्याला चिकटून जाणारी एक्झॉस्टची नळी काजळीने बुजलीय. तिची दोन्ही टोकं सायलेन्सरला असतात. मॅनिफोल्ड उतरवा, जुन्या क्लचची तार ड्रिलला लावून दोन्ही बाजूंनी फिरवा. नवीन गॅस्केट घ्या. ही नळी मोकळी झाल्याशिवाय वरच्या गरम हवेच्या पाईपाचा निम्माच उपयोग.

सीओ नंतर बघू. 3 टक्क्यांची मर्यादा तुमच्या गाडीला पुरेशी सैल आहे, नव्या गाड्यांना 0.3 च. आधी ऑटो चोक (गार इंजिनला जास्त पेट्रोल देणारी आपोआप उघडणारी झडप) पूर्ण उघडतोय का बघा. एअर क्लीनरमधलं तेल चिखल झालं असेल तर ओतून द्या, धुवा आणि खुणेपर्यंतच भरा. मग इंजिन पूर्ण गरम असताना कार्बोरेटरवरचा मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा) स्क्रू लावा. गार इंजिनवर तो फिरवणारा मिस्त्री मात्र बदला.