मदत हवी आहे: कोथिंबिरीला साबणाचा वास, ओआर६ए२ची तपासणी कुठे होते?

चिंचगूळ:
लेकीला कोथिंबिरीचा वास साबणासारखा येतो, ताट ढकलून देते. सासूबाई म्हणतात, लाडावलीय. हे ओआर६ए२ जीनमुळे होतं असं वाचलं. पुण्यात तपासणी कुठे होईल? रविवारी सगळे जेवायला आहेत, त्याआधी रिपोर्ट हवाय. प्लीज लवकर सांगा.

रानमेवा:
वय? आधीपासून की अलीकडे? कोविडनंतर माझ्या आईला कांदासुद्धा जळका लागायचा. तसं असेल तर आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.

चिंचगूळ:
नऊ वर्षं. कळायला लागल्यापासून असंच आहे. बाकी वास नीट येतात. तपासणीचं सांगा ना कोणीतरी.

पाटावरवंटा:
तपासणी कशाला? वाटून घाला. पानं ठेचली की त्यातलीच एन्झाइम्स अल्डिहाइडं, म्हणजे तो वास देणारी रसायनं, मोडतात. माझ्या भावाला वरून भुरभुरलेली चालत नाही, चटणी चालते. सवय लावा.

सूक्ष्मदर्शी:
रिपोर्टने फार काही सिद्ध होणार नाही. २०१२ साली ट्वेंटीथ्रीअँडमी या डीएनए तपासणाऱ्या कंपनीच्या संशोधकांना ११व्या गुणसूत्रावर एक बदल सापडला. त्याच्या आसपास वासाच्या रिसेप्टरांचे, म्हणजे नाकात वास ओळखणाऱ्या प्रथिनांचे, बरेच जीन्स आहेत. त्यांतला ओआर६ए२ अल्डिहाइडं ओळखतो, म्हणून संशय त्याच्यावर. पण परिणाम छोटा आहे. तो बदल असून आवडीने कोथिंबीर खाणारेही आहेत. शिवाय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांचा.

पाटावरवंटा:
म्हणजे सवयीचाच प्रश्न. मी तेच म्हणतोय.

सूक्ष्मदर्शी:
नाही. माणसात वासाच्या रिसेप्टरांचे काम करणारे जीन्स ४०० च्या आसपास असतात आणि प्रत्येकाचा संच थोडा वेगळा असतो. मुलीला साबण खरंच जाणवतो. तसली अल्डिहाइडं साबणात असतात, ढेकणांच्या वासातही. तिच्यावर जबरदस्ती नको. धने चालतात का तिला?

भीमाकाठ:
संकरित जुडी आणता का? गावठी आणा. आणि धुऊन ठेवू नका, निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळा, आठवडाभर टिकते.

रानमेवा:
टिकवायचं कोणी विचारलंय?

चिंचगूळ:
धने-जिरे पूड आवडीने खाते!

सूक्ष्मदर्शी:
धन्यांच्या वासात मुख्यतः लिनालूल नावाचं वेगळं रसायन असतं, पानांतली अल्डिहाइडं नाहीत. म्हणजे नखरे नाहीत हे, तिचं नाक बरोबर सांगतंय.

चिंचगूळ:
हे सासूबाईंना वाचून दाखवलं. ढेकणांचं ऐकून त्या थांबल्या. त्यांची धाकटी बहीणही कोथिंबीर बाजूला काढायची आणि त्यावरून मार खायची, म्हणाल्या. रविवारी कोथिंबीर वेगळ्या वाटीत. चटणी वाटून बघते, नको म्हणाली तर नको. तपासणी राहू दे.

भीमाकाठ:
फडकं सुती घ्या.