प्रतिसाद: वेंगुर्ल्यातल्या घरासाठी पीसी

रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड घेताय, म्हणून पॉवर सप्लायवर पैसे वाचवू का, असं विचारलंत. अजिबात नको! कार्ड २२० वॅटचं, प्रोसेसर १२० चा. चांगला ७५० वॅटचा गोल्ड (कमी वीज वाया घालवणाऱ्या दर्जाचा) सप्लाय घ्या. यूपीएस प्युअर साइन वेव्हचाच (घरातल्या विजेसारखीच सलग लहर देणारा) बघा, साध्या यूपीएसवर लाइट जाताच असा सप्लाय कधीकधी झटकन बंद पडतो. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि खारी हवा. माझं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कॅबिनेट उघडलं तर स्क्रूंवर तांबूस गंज, बोटाला चिकट धूळ. म्हणून कॅबिनेट खिडकीपासून लांब ठेवा, पावसात रोज तासभर तरी चालवा. आतली ऊब दमटपणा धरू देत नाही. लिक्विड कूलर कशाला? या प्रोसेसरला चांगला एअर कूलर पुरतो.