स्टालिन १९४१ मध्ये खरंच हल्ला करणार होता का?

गोदाकाठ: परवा सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) निघताना मित्राशी कडाक्याचा वाद झाला. सोव्हिएत लष्करी हेरखात्यातून पळून आलेल्या व्हिक्टर सुवोरोव्हचं म्हणणं असं की, स्टालिन जर्मनीवर चालून जाणारच होता, हिटलरने २२ जून १९४१ ला फक्त आधी गाठलं. मला ते पटतंय. १५ मे १९४१ चा मसुदा वाचा. सोव्हिएत लष्करप्रमुख झुकोव्ह आणि संरक्षणमंत्री तिमोशेंको यांच्या नावाचा, लष्करी मुख्यालयातल्या वासिलेव्हस्कीच्या हस्ताक्षरातला. जर्मन फौज गोळा होत असतानाच तिच्यावर घाला घालावा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्याच सुमारास जवळपास ८ लाख राखीव सैनिकही 'सरावा'ला बोलावले होते.

देवळालीकर: त्या मसुद्यावर दोघांचीही सही नाही, स्टालिनची मंजुरीही नाही. मी देवळालीच्या तोफखान्यात नोकरी केली आहे. सरावाच्या रेंजवरून तोफांची बॅटरी (तुकडी) आवरून निघायचं तर आमचा अख्खा दिवस जायचा, तोही सगळ्या गाड्या चालू असतील तर. सोव्हिएत तोफा ओढायचे बरेचसे ट्रॅक्टर शेतीतून यायचे होते, तेही सार्वत्रिक भरतीचा हुकूम निघाल्यावर. तो हुकूम निघाला २२ जूनला, हल्ला झाल्यावर! कित्येक डिव्हिजनच्या तोफा त्या पहाटे आपल्या पायदळापासून लांब, सरावाच्या रेंजवर होत्या. चढाईच्या तयारीतलं सैन्य असं विखुरलेलं नसतं.

गोदाकाठ: काका, त्यातल्या काही रेंज सरहद्दीलगतच होत्या, हेही सांगा ना. आणि 'आम्ही हल्ला करणारच नव्हतो' या मॉस्कोच्या नकारावर किती भरवसा ठेवायचा? १९३९ च्या हिटलर-स्टालिन करारातलं, पूर्व युरोप वाटून घेण्याचं गुप्त कलम त्यांनी १९८९ पर्यंत नाकारलंच की.

पंचवटीची मास्तरीण: इथे दोन प्रश्नांची गल्लत होतेय. स्टालिनच्या मनात पुढेमागे युद्ध असेलही. पण हिटलरने बार्बारोसाच्या, म्हणजे सोव्हिएत संघावरच्या हल्ल्याच्या आदेशावर सही केली १८ डिसेंबर १९४० ला, म्हणजे मेच्या मसुद्याच्या पाच महिने आधी. मग तो त्या मसुद्याला उत्तर कसा? २१ जूनच्या रात्रीही मॉस्कोहून सीमेवर हुकूम गेला तो 'चिथावणीला बळी पडू नका' असा. 'आम्ही फक्त आधी मारलं' हे हिटलरचं स्वतःचं समर्थन, २२ जूनच्या जाहीरनाम्यातलं. त्या युद्धात सोव्हिएत संघाची अडीच कोटींहून जास्त माणसं गेली. वर्गात मुलं हा सिद्धांत उत्साहाने सांगतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

गोदाकाठ: बाई, डिसेंबरची तारीख माझ्या लक्षातच आली नव्हती. हिटलरची बाजू मला घ्यायची नाही, तेवढं मागे घेतो. पण ८ लाख माणसं कशासाठी बोलावली?

देवळालीकर: समोर जर्मन फौज वाढत होती, म्हणून. माणसं बचावालाही लागतात. तुझा संशय खरा मानायचा तर हल्ल्याचा दिवस ठरवणारा, स्टालिनने मान्य केलेला एक तरी हुकूम दाखव.

गोदाकाठ: तो माझ्याकडे नाही.